तिरकमठ्याचा गुन्हा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्या वसई-विरारच्या समुद्रकाठी जी रिसॉर्ट उभी राहिली आहेत, त्यांच्या कुंपणाच्या भिंतींवर हल्ली हमखास वारली चित्रे काढलेली दिसतात. शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतीही त्याला अपवाद नाहीत. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांनी तारपा वाजविणारा काढतात, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे काढतात, ताडावर चढणारा काढतात, आणि कोठेतरी कडेला धनुष्य ताणून उभा राहिलेला एक माणूस काढतात. त्याच्यासमोर हरिण असते. या चित्रकलेला आज देशोदेशी मान आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना तिच्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लेख लिहिले.

हा भिंतीवरचा माणूस खाली उतरला, त्याने आपला तिरकमठा खांद्याला अडकविला आणि तो तुंगारेश्वरच्या जंगलात शिरला, तर मात्र तो गुन्हेगार ठरतो. त्यासाठी त्याने हरिण मारावयास हवे असे नाही. तीर सोडावयासही नको. तुंगारेश्वर हे २००३ सालापासून अभयारण्य आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करणे हाच गुन्हा आहे. शस्त्र म्हणजे काय, तेही कायद्याने सांगून ठेवले आहे. स्फोटके, बंदुका, विष, फासे यांच्या पंगतीत तेथे धनुष्यबाण नावानिशी बसविला आहे.

या लेखाचा विषय हा तिरकमठा आहे. महामार्गाच्या पूर्वेला कामण, पारोळ, भाताणे या बाजूस जे वारली, काथोडी आणि मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत, त्यांपैकी एका पाड्यातून मी या महाविद्यालयात येतो. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून या विषयावर मी तटस्थ आहे असे कोणी समजू नये.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढील वाचन सोपे जाईल. शिकार पुन्हा सुरू करावी, असे माझे म्हणणे नाही. आमच्यातील काही तरुण मित्र असे म्हणतात की, शिकार हा आपला पूर्वापार हक्क आहे आणि तो परत मिळाला पाहिजे. मला हे पटत नाही. तुंगारेश्वर अभयारण्य आहे सुमारे पंचाऐंशी चौरस किलोमीटरचे. त्याच्या पायथ्याशी जे शहर पसरले आहे, त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये आता धड कुंपणाइतकेही अंतर उरलेले नाही. २०२४ साली तर बिबट्या चक्क वसईच्या किल्ल्यात येऊन राहिला होता आणि त्याला पिंजऱ्यात घेईपर्यंत लोकांना सायंकाळी घराबाहेर पडण्याची चोरी झाली होती. एवढ्याशा रानात उद्या शिकारीला मोकळीक दिली, तर भेकरे एक-दोन हंगामांत संपतील आणि मग बिबट्याने खावे काय, तर आमच्याच शेळ्या. तेव्हा बंदी असावी, आणि ती कडक असावी. माझा प्रश्न वेगळा आहे. जंगल रिकामे केले कोणी, आणि त्याबद्दल गुन्हेगार कोण ठरले?

धनुष्याने हरिण मारणे ही काही रानटी लोकांचीच गोष्ट नव्हे. कांचनमृगाच्या मागे धनुष्य घेऊन धावणारे कोण होते, ते सर्वांस ठाऊक आहे. आम्हांला शाकुंतल शिकविताना सरांनी पहिला अंक फार रंगवून सांगितला होता. राजा दुष्यंत रथात बसून हरिणामागे लागला आहे, बाण लावला आहे, इतक्यात तपस्वी आडवा येतो आणि सांगतो, की हे आश्रमाचे हरिण आहे, याला मारू नये. राजा मुकाट्याने बाण परत भात्यात ठेवतो. मला वाटते, आपल्या साहित्यातील हे पहिले अभयारण्य असावे. तेथे अडविला जातो तो राजा, हे मात्र विसरता कामा नये. (एकलव्याचा उल्लेख केल्यावाचून आदिवासींवरचा कोणताही लेख पुरा होत नाही, म्हणून तोही येथे केला असे समजावे.)

पुढील काळात राजांना अडविणारा कोणी राहिला नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार होत असे, आणि देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून मागविले गेले. सरगुजाच्या महाराजांनी आयुष्यात अकराशेच्या वर वाघ मारल्याचे सांगतात. हिंदुस्थानातील शेवटचे तीन चित्तेही १९४७ च्या सुमारास त्यांच्याच गोळीने पडले, असे मानले जाते. दाजीपूरचे रान कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. १९५८ साली तेच महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य झाले. साहेबांचे म्हणाल, तर शिकार ही त्यांची सुटीची करमणूक होती. आमच्या पणज्याच्या वेळी साहेबाच्या शिकारीसाठी हाका घालावयास पाड्यातली माणसे धरून नेत, असे माझा आजा सांगतो. ढोल-डबे वाजवीत जनावर साहेबाच्या बंदुकीपुढे आणून द्यावयाचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी परतावयाचे. स्वातंत्र्यानंतर जीपगाडी आणि प्रखर दिवे आले. रात्री डोळ्यांवर झोत टाकला की हरिण जागच्या जागी खिळते. मग नेमबाजी येण्याचीही गरज राहत नाही.

यात तिरकमठा कोठे बसतो? इतिहासाच्या पुस्तकांत ज्या सालांची टाचणे आपण काढतो, त्यांत १८७८ हे साल सहसा नसते. आमच्या पाड्याच्या दृष्टीने मात्र त्याच्याइतके महत्त्वाचे साल दुसरे नाही. त्या एकाच वर्षी इंग्रज सरकारने दोन कायदे केले. एक वन अधिनियम, ज्याच्या आधारे जंगले राखीव झाली आणि त्यांत राहणारी माणसे उपरी ठरली. दुसरा शस्त्र अधिनियम, ज्यात शस्त्रांची व्याख्या करताना बंदूक, तलवार, भाला यांच्या जोडीला धनुष्यबाणही घातला. राखीव जंगलात साहेब परवाना काढून बंदूक चालवू शकत असे. आजोबा-पणजोबांच्या हाती कामठा होता, परवाना नव्हता. १९७२ च्या कायद्यानेसुद्धा आरंभी शिकार सर्वस्वी बंद केली नव्हती. मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा, असे निरनिराळे परवाने त्यात होते. संपूर्ण बंदी आली ती १९९१ च्या दुरुस्तीने. म्हणजे एकशेतेरा वर्षे शिकार हा परवान्याचा, अर्थात शिकल्या-सवरल्या आणि पैसेवाल्या माणसांचा प्रश्न होता. परवाना या शब्दाचा उच्चारही ज्याला धड करता येत नसे, तो पहिल्या दिवसापासून चोर.

आता तिरकमठ्याने शिकार कशी होते, ते सांगतो. कारण ज्यांनी केवळ भिंतीवरचे चित्र पाहिले आहे, त्यांना ती सोपी वाटते. कामठा वेळूचा असतो. त्याची दोरीही सुताची नसते, वेळूचीच चिवट पट्टी तासून ती दोन टोकांना अडकवितात. तीर दोन प्रकारचे. लोखंडी पात्याचा जनावरासाठी, आणि बोथट, लाकडी बोंडाचा पाखरासाठी, म्हणजे पाखरू फाटत नाही, नुसते खाली पडते. आजा म्हणतो, पंचवीस-तीस पावलांच्या पलीकडे तीर सोडणारा मूर्ख. एवढ्या जवळ भेकराला जाऊ द्यावयाचे नसते. त्याला वास लागतो, पाचोळा वाजलेला कळतो. म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूने जावे लागते, पाय टाच न टेकता टाकावा लागतो, आणि पुष्कळदा दोन-दोन घटका एकाच जागी मुंग्या चावत असताना उभे राहावे लागते. भेकर भुंकले की ते बिबट्याला पाहून भुंकले की माणसाला, हे ओळखता यावे लागते. तीर लागल्यावरही जनावर पडत नाही, पळते. मग रक्ताचे थेंब पाहत त्याच्या मागे जावयाचे, कधी अंधार पडेपर्यंत. इतके करून दहा खेपांपैकी आठ खेपा हात हलवीत परत. मिळाले तर वाटे पाडावयाचे. ज्याचा तीर आधी लागला त्याला एक वाटा अधिक, आणि घरात कर्ता पुरुष नसलेल्या विधवेचाही एक वाटा.

येथे आमच्या बाजूने लिहिणारे शहरी लेखक एक वाक्य टाकतात, की आदिवासी निसर्गाकडून गरजेपुरतेच घेतो. हे वाक्य मला नेहमी खटकते. आजा काही गरजेचे गणित मांडून रानात जात नसे. सांबर मिळाले असते तर त्याने सांबर मारले असते, दोन मिळाली असती तर दोन. तो साधू नव्हता, भुकेला माणूस होता. मर्यादा होती ती त्याच्या हातातील वस्तूत. वेळूच्या धनुष्याने जंगल रिकामे होत नाही, इतकेच मला म्हणावयाचे आहे. जंगल रिकामे होते बंदुकीने, दिव्याच्या झोताने, आणि त्याहून अधिक खडीच्या खाणींनी व टेकड्या कापून काढलेल्या रस्त्यांनी. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या टेकड्या तिराने कापल्या गेलेल्या नाहीत.

आता जरा दूरची गोष्ट. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला लगूना अटास्कोसा नावाचे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. जमीन सरकारी, म्हणजे सार्वजनिक. तेथे ठरलेल्या हंगामात परवाना काढून, शुल्क भरून धनुष्यबाणाने शिकार करता येते. पांढऱ्या शेपटीची तेथील हरणे मारता येतात, आणि एक परदेशी कुरंगही मारता येते. हे परदेशी कुरंग म्हणजे कोण असेल? आपली नीलगाय! विदर्भातले शेतकरी जिला रोही म्हणतात तीच. १९३० च्या आगेमागे एका बड्या जमीनदारी कुरणात ती नेऊन सोडली, तिची तेथे हजारोंनी वाढ झाली, आणि आता ती गुरांना तापाच्या गोचिडी लावते म्हणून तिची संख्या कमी करावी लागते. सुटीच्या दिवशी वकील आणि डॉक्टर चाके लावलेली महागडी धनुष्ये घेऊन तिच्या मागावर जातात. त्याला तेथे क्रीडा म्हणतात.

यात एक योगायोग मला फार बोलका वाटला. अमेरिकेत १९३७ पासून शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळविण्याचा कायदा आहे. त्यात धनुष्यबाणावरील अकरा टक्के कर घालण्याची दुरुस्ती झाली ती १९७२ साली. त्याच साली आपल्या कायद्याने धनुष्यबाण शस्त्रांच्या यादीत बसविला. म्हणजे एकाच वर्षी एका देशात धनुर्धारी जंगलाचा देणगीदार झाला आणि दुसऱ्या देशात जंगलाचा चोर. अमेरिकेची नक्कल करा, असे मी म्हणत नाही. त्यांची जमीन अफाट, माणसे विरळ. आपल्याला ते झेपणार नाही. परंतु धनुष्य ही वस्तू मुळातच पापी आहे असे जे आपल्याकडे धरून चाललेले असते, ते खरे नाही, एवढे या उदाहरणावरून दिसते.

तीच नीलगाय बिहारमध्ये पाहा. पिकांचा नाश करते म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने तिला तेथील काही जिल्ह्यांत उपद्रवी प्राणी ठरविले, आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी गोळ्या घालून मारण्यात आल्या. मारणारे नेमबाज हैदराबादेहून आणविले होते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात त्याच सुमारास ५३ रानडुकरे मारली गेली आणि त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांची जाहीर जुंपली. तेव्हा संपूर्ण बंदीच्या काळातही शिकार होतच असते. कायद्याच्या कलम ११ मध्ये तशी सोय आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगी देता येते. परवानगी मिळते ती मात्र बंदुकीचा परवाना असणाऱ्याला. जंगलाशेजारच्या ज्या माणसाला डुकरांची वाट, त्यांची वेळ, त्यांची लोळण्याची जागा ठाऊक आहे, त्याला विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

असाच प्रकार वनहक्क कायद्याचा. २००६ चा हा कायदा आदिवासींवरील ऐतिहासिक अन्याय दूर करण्यासाठी केला, असे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे. त्यात जमिनीचा हक्क आहे, मध-मोहाचा आहे, मासळीचा आहे, आणि शेवटी परंपरेने चालत आलेला दुसरा कोणताही हक्क आहे. फक्त शिकारीचा हक्क तेवढा शब्द घालून वगळला आहे. मी वर म्हटल्याप्रमाणे वगळला हे योग्यच झाले. परंतु १९७२ च्या कायद्याचे कलम ६५ निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवते, हे किती जणांना माहीत आहे? म्हणजे आदिवासीची शिकार आणि चोरट्याची शिकार यांत फरक करता येतो, हे आपल्या कायद्याला समजत नाही असे नाही. समुद्रापलीकडे समजते.

बंदीचा परिणाम काय झाला, तो पाड्यात पाहावयास मिळतो. तिरकमठे गेले. माझ्या पिढीतल्या एकालाही धनुष्य तासता येत नाही. पण भूक आणि डुकरे दोन्ही गेली नाहीत. भादव्यात भाताच्या लोंब्या भरू लागल्या की डुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाचे धान्य लोळवून जातो. सरकार भरपाई देते, हे खरे आहे. त्यासाठी अर्ज, कागदपत्रे, पंचनामा. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि वनपट्ट्याचा दावा अजून लोंबकळत आहे, त्याने पंचनामा कोणत्या जमिनीचा करून घ्यावा? मग काही जण मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा फासा लावतात, काही जण विजेची तार सोडतात. या दोन्ही गोष्टी शिकण्यास रानाची अक्कल लागत नाही. फासा डुक्कर आणि बिबट्या ओळखत नाही, गाभण भेकर सोडत नाही, आणि विजेच्या तारेला तर गाय, माणूस सारखेच. शिकारी रानात जागा असे. तार लावणारा घरी झोपलेला असतो. पकडला गेला तर त्याचे काय होते? जोधपूरजवळ १९९८ साली झालेल्या काळविटाच्या शिकारीबद्दल एका नामवंत नटाला २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि दोन दिवसांत जामीन मिळाला. आमच्याकडच्या माणसाला वकील कोठे बसतो, हे कळण्यातच दोन दिवस जातात.

मग करावयाचे काय? धनुष्य परत हातात द्या, असे मी म्हणत नाही; धनुष्य धरणाऱ्या माणसाला जे येत होते, ते फुकट घालवू नका, असे म्हणतो. याचे एक उदाहरण देशात घडलेले आहे. राजस्थानात उदयपूरकडच्या आदिवासी पाड्यांत सरकारी क्रीडा प्राधिकरणाने १९८७ साली तिरंदाजीची निवड-चाचणी घेतली. वेळूच्या धनुष्याने चिमण्या-तित्तिर मारणारा एक पोरगा त्यात निवडला गेला. त्याचे नाव लिंबा राम. पुढच्याच वर्षी तो ऑलिंपिकला गेला, आणि १९९२ मध्ये त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. पुढे त्यालाही पद्मश्री मिळाली. लिंबा राम जन्मला कधी? १९७२ साली! पालघर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतून अशा किती चाचण्या नियमाने होतात, हे आमच्या क्रीडाशिक्षकांनी एकदा विचारून पाहावे.

दुसरे, वनखात्याची गणना. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राणी मोजण्याची आपल्या राज्यात प्रथा आहे. शहरातून निसर्गप्रेमी मंडळी उत्साहाने येतात, दुर्बिणी आणतात, थर्मासमधून चहा आणतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या मचाणावर पाड्यातला एक म्हातारा शिकारी रोजावर बसविला, तर जी जनावरे पाण्यावर आलीच नाहीत, तीही तो दुसऱ्या दिवशी चिखलातल्या खुरांवरून आणि लेंड्यांवरून सांगेल. मारुती चितमपल्ली स्वतः वनाधिकारी होते; रानातल्या आदिवासींपाशी बसून त्यांनी पशुपक्ष्यांची नावे आणि सवयी टिपून घेतल्या आणि मराठीला केवढी तरी शब्दसंपत्ती मिळवून दिली. ते आता नाहीत. त्यांनी ज्यांच्याकडून शिकून घेतले तशी माणसेही एकेक करून चालली आहेत, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे शब्द टिपावयास कोणी आलेले नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी तुंगारेश्वरला जाऊन प्लास्टिक गोळा करतात. काम चांगले आहे, चालू राहावे. माझी प्राचार्यांना आणि मराठी व भूगोल विभागांना एक सूचना आहे. येत्या वर्षी जून महिन्यात, पेरण्या सुरू होण्याआधी, पूर्वेकडच्या पाड्यांतील दोन जुन्या शिकाऱ्यांना व्याख्यानासाठी बोलवावे. ते व्यासपीठावरून बोलणार नाहीत, त्यांना ते जमणार नाही. त्यांच्याबरोबर अभयारण्याच्या वाटेने चालावे लागेल, आणि वहीपेन्सिल आपल्याला न्यावी लागेल. जाण्यायेण्याची व्यवस्था मी करीन. मानधन मात्र इतर व्याख्यात्यांना देतात तेवढेच असावे, आणि ते त्याच दिवशी रोख द्यावे, कारण दोघांपैकी कोणाचेही बँकेत खाते चालू नाही.